आपल्या गावाचं पुस्तक

टिबेट्स फॉल्स, मेन
२४ ऑगस्ट २०२३, गुरुवार

प्रिय ऑरेल,

तुझी तब्येत जूनपेक्षा आता बरी असेल असं धरून लिहितोय. मी ठीक आहे. गुडघा सोडला तर तक्रार करण्यासारखं काही नाही. यंदा इथे उकाडा फार झाला. नदी इतकी उतरलीय की जुन्या बंधाऱ्याचे ओंडके वर दिसतात.

तुझ्या सेलीनचं पत्र मिळालं होतं. तिने विचारलं होतं की घरात आणखी कुणाला असा पक्षाघाताचा झटका आला होता का, डॉक्टरांना हवंय. तर सेलीन, लिहून घे: तुझ्या आजीला आला होता, एक्याऐंशीव्या वर्षी, डाव्या अंगाला. आजोबा अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयाने गेले. मला अजून काही झालेलं नाही.

एवढ्या तीन ओळी लिहायला मला अडीच महिने लागले. सेलीनने शेवटी लिहिलं होतं, ‘बाबांना सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही. तुम्ही येऊ नका. तुमचं नाव निघालं की ते खिडकीकडे तोंड फिरवतात.’ मी येणार नाही. पण हे पत्र तिने तुला वाचून दाखवावं. मधलं काही गाळू नये.

आधी इकडच्या गोष्टी सांगतो. कारखान्याची मोठी चिमणी पाडली, तुला कुणी सांगितलं असेल. माझी बायको जर्मेन गेल्याला दोन हिवाळे झाले. तू पाठवलेली फुलं चर्चमध्ये पोचली होती. कार्डावरचं नाव वाचून मी ती बाजूच्या खोलीत ठेवायला लावली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ती गेल्यापासून दुपारी घरात बसवत नाही. म्हणून जूनपासून मी लायब्ररीत जायला लागलो. तिथे थंड असतं. चार दिवस तिथल्या ग्रंथपाल बाईने, जोडी तिचं नाव, मला नुसतं वर्तमानपत्र धरून बसलेलं पाहिलं आणि पाचव्या दिवशी एक कार्ड आणून समोर ठेवलं.

“मोठ्यांसाठी उन्हाळी वाचन आहे, लिओनेल. आठ आठवडे. दर मंगळवारी खाली तळघरात जमायचं आणि वाचलेलं सांगायचं.”

“मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे.”

“म्हणजे मोठ्यांच्यात बसता तुम्ही.”

कार्डावर चौकोन होते. एक पुस्तक वाचलं की एका चौकोनात शिक्का. प्राण्यांवरचं पुस्तक, प्रवासाचं पुस्तक, कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवलेलं पुस्तक, असं काय काय. शेवटी सगळ्यांना आइस्क्रीम आणि चिठ्ठी निघेल त्याला एक टोपली. हसशील तू. शाळेत मी तुझ्याकडून गृहपाठ करून घ्यायचो, आणि तू माझ्याहून सहा वर्षांनी लहान.

मंगळवारी सात बायका, मी आणि फक्त बिस्किटांसाठी येणारा एक जण, एवढे जमायचो. आपल्या काळातली म्हणशील तर फक्त रिटा बोल्डक. बाकीचे गेल्या दहा-पंधरा वर्षांत बाहेरून आलेले, स्वस्तात घरं मिळाली म्हणून.

एक चौकोन होता, ‘आपल्या गावाचं पुस्तक’. जोडी म्हणाली, “हे सोपं आहे. आपल्याकडे आता एक नवीन आलंय.” शाळेतल्या ज्या मास्तरांनी कारखान्यातल्या शहाऐंशीच्या संपाच्या वेळची कात्रणं आणि लोकांच्या मुलाखती जमवल्या होत्या, ते गेले. त्यांच्या मुलीने सगळं टाइप करून, बांधून लायब्ररीला दिलं. एकच प्रत. आणि कारखाना बंद झाला तेव्हा फाटकाजवळच्या ऑफिसात सापडलेले कागदही तिने मागे जोडले होते. संप चालू असताना कामावर परत घ्या म्हणून ज्यांनी सह्या केल्या, त्यांची यादी. नाव आणि तारीख.

जोडी हे सांगत होती तेव्हा माझा हात त्या पुस्तकावर होता. मी म्हणालो, मी नेतो पहिलं.

ते मी वाचलं नाही, ऑरेल. घरी येऊन मागचं पान उघडलं, बंद केलं आणि पुस्तक स्वयंपाकघरातल्या खणात पुसण्यांच्या खाली ठेवलं. रांगेत सहा नावं लागली होती. जोडीचा दोनदा फोन आला.

“संपलं का?”

“हळू वाचतो मी.”

“दोनशे वीस पानं आहेत, लिओनेल. त्यात फोटोच निम्मे.”

मग मी सांगितलं की त्यावर कॉफी सांडलीय, वाळत घातलंय. असं करत जुलै संपत आला. ते पान फाडायचं म्हणून एकदा कात्री हातात घेतली होती. पण पानावर क्रमांक होता. एक पान गेलेलं दिसलं असतं, आणि गेलेलं पान माणूस जास्त शोधतो.

शुक्रवार

काल इथे थांबलो. आता त्या ऑक्टोबरचं लिहितो.

संपाचा चौदावा आठवडा. तुझी बायको कोलेट गरोदर, तिला रक्त जात होतं, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं आणि कारखान्याचा विमा संपाबरोबर बंद झालेला. सेलीन, ते पोटातलं बाळ म्हणजे तू. सोळा तारखेला सकाळी, संप मोडून कामावर जाणाऱ्यांना आत नेणारी, खिडक्यांना फळ्या ठोकलेली बस फाटकावर आली, आणि पुढून तिसऱ्या सीटवर तू होतास. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कुंपणाला धरून ओरडलो, “माझा भाऊ नाही तो. त्याला हवं ते करा.” हे तू ऐकलंस. फळीच्या फटीतून तू माझ्याकडे पाहत होतास, ते मी पाहिलं.

त्यानंतर लोकांनी जे हवं ते केलं. गाडीच्या काचा फोडल्या, विहिरीत डिझेल ओतलं, दारावर लाल रंगात ‘संपफोड्या’ लिहिलं. नाताळच्या आधी तू गाव सोडलंस. आई मरेपर्यंत तुझं नाव काढायची आणि मी उठून बाहेर जायचो. तिला पुरताना आपण खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होतो, तेवढंच.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रिटा बोल्डक माझ्या पायरीवर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडेचं तेवढं दिसतं. म्हणून ती तुमच्याकडे न बघता बोलते असं वाटतं.

“लिओनेल, ते पुस्तक तुझ्याकडे अडकलंय म्हणे.”

“कॉफी सांडली होती.”

“मला वाचता येत नाही. तू मला वाचून दाखव. तुझा मोठ्याने वाचायचा चौकोन भरेल, माझा गावाचा.”

काय सांगणार? तिचा नवरा आर्माँ शेवटपर्यंत संपात राहिला, म्हणून नंतर त्याला या भागात कुणी काम दिलं नाही. तिला नाही म्हणणारा मी कोण? चार दुपारी तिच्या ओसरीवर बसून मी वाचत होतो आणि ती शनिवारी शिजवायच्या घेवड्याचे दाणे निवडत होती. आपल्या लोकांचे शब्द होते त्यात, जसेच्या तसे. माझेसुद्धा होते. एकोणसाठाव्या पानावर माझी मुलाखत आहे. ‘भाऊ असला म्हणून काय झालं, माणसाला पाठीचा कणा हवा.’ ते मी वाचलं. आवाज बदलू दिला नाही.

चौथ्या दिवशी यादी आली. पान दोनशे बारा. एकेचाळीस नावं, तारखेप्रमाणे. मी एकेक वाचत गेलो, मधलं एक सोडलं, पुढे वाचलं. तुझं नाव वाचलं, ‘ऑरेल लेवेक, तेरा ऑक्टोबर’. शेवटपर्यंत आलो आणि पुस्तक मिटलं.

रिटा दाणे निवडतच होती. म्हणाली, “एक राहिलं.”

मी म्हणालो, “चाळीस आहेत.”

“मी मोजत नव्हते. तुझंच ऐकायला बसले होते.”

ती म्हणाली की आर्माँने मला पाहिलं होतं. नऊ ऑक्टोबरला सकाळी, फाटकाच्या बाजूच्या दाराने बाहेर येताना, टोपी खाली ओढलेली. घरी येऊन त्याने तिला सांगितलं होतं.

“मग बोलला का नाही तो?”

“कशाला बोलेल? तू त्याचा मित्र होतास. आणि आठवड्याभरात ऑरेल बसमध्ये दिसला. लोकांना एक माणूस हवा होता लिओनेल, तो मिळाला होता.”

पुढे ती म्हणाली, “ऑरेलच्या दारावर रंग मी लावला. तू आधी जाऊन आलास हे माहीत असून लावला. तुझ्या दाराला लावायची हिंमत नव्हती, तुझ्या बाजूने सगळे होते.” मग ताट खाली ठेवून म्हणाली, “आता वाच ते. ऐकायचंय मला.”

मी पुस्तक उघडलं आणि वाचलं. लिओनेल लेवेक, नऊ ऑक्टोबर.

तर हे आहे, ऑरेल. माझ्या घरी कुणी आजारी नव्हतं. मी फक्त घाबरलो होतो. चौदा आठवडे रिकामं बसून मला वाटायला लागलं होतं की आपण हरणार आणि सगळ्यात शेवटी मी एकटाच फाटकाबाहेर उभा राहणार. ऑफिसातला माणूस म्हणाला, तीन नंबरच्या मशीनवर एकच जागा आहे, कळवतो. आठवडाभर मी फोनजवळ बसून होतो. जर्मेनला वाटलं, संघटनेचा फोन यायचाय. मग सकाळी बस आली आणि तीन नंबरवर त्यांनी तुला घेतलं होतं.

तू आत गेलास याचा मला राग आला नव्हता. त्यांनी तुला बोलावलं, मला नाही, याचा आला होता. सदतीस वर्षं मी त्याला तत्त्व म्हणत आलो. जर्मेनही तसंच समजून गेली.

या मंगळवारी वाचनाचा शेवटचा दिवस होता. पुस्तक परत नेलं. माझी पाळी आली तेव्हा उभा राहिलो आणि पान दोनशे बारा वाचून दाखवलं, माझ्या नावासकट. मग कुंपणापाशी काय ओरडलो तेही सांगितलं. मला वाटलं होतं, कुणीतरी उठून जाईल. कुणी थुंकलं असतं तरी चाललं असतं.

बॉस्टनहून येऊन राहिलेली एक तरुण बाई आहे, चांगली आहे बिचारी. तिने विचारलं, “म्हणजे तुम्ही तुमचीच नोकरी परत मागितली, एवढंच ना?”

मी हो म्हणालो.

“मग त्यात एवढं काय?”

रिटा कडेने कुठेतरी बघत बसली होती. जोडीने माझ्या कार्डावर दोन शिक्के मारले आणि आइस्क्रीमचा डबा उघडला. ज्या गोष्टीसाठी आम्ही तुझं घर मोडलं, ती आता या गावात समजावून सांगावी लागते. आणि समजावली तरी कळत नाही. ज्यांना कळली असती ते टेकडीवर आईच्या आसपास झोपलेत.

मी माफी मागत नाही. तुला बोलता येत नाही अशा वेळी मागणं म्हणजे पुन्हा तेच, तू उत्तर देऊ शकणार नाहीस हे पाहून ओरडल्यासारखं. तू बोलत होतास तेव्हाच हे मी लिहायला हवं होतं. तेव्हा मी पुरावा कधी सापडू नये एवढीच आशा धरून होतो.

सेलीन, हे ऐकून त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं तर फिरवू दे. मला कळवू नकोस. आणि नाही फिरवलं, तरी कळवू नकोस. त्याने माझ्याबद्दल काय ठरवलं हे जाणून घेण्याचा हक्क मी त्या सकाळी घालवला.

ऑरेल, डावा हात चालतो म्हणे. त्याची काळजी घे.

तुझ्या चार दिवस आधी सही केलेला,
तुझा थोरला भाऊ
लिओनेल