देवघरातला कॅमेरा

२२ सप्टेंबर. घटस्थापना.

घट बसले. मी इथं बीडला, वसतिगृहाच्या गेटवर. रजा नाही – दुसरा वॉचमन आजारी.

आई होती तोवर नवरात्रात दिव्यापासून हलायची नाही. जाताना म्हणाली, "गहिनी, दिवा इझू देऊ नको." मला म्हणाली, भागवतला नाही. भागवत धाकटा. मनानं सोन्यासारखा, पण समोर बसून दूध उतू जाऊ देणारा! म्हणून गावाकडं देवघरात कॅमेरा बसवून घेतला. सिरसाळ्याच्या नेटवाल्या प्रविणनं लावला.

मोबाइलवर दिवा दिसला. हात जोडले. डोळे उघडले तरी ज्योत तशीच, तिळभर हलेना. चित्र अडकलं होतं.

२३ सप्टेंबर. दुसरी माळ.

नुसतं गोल फिरतंय. मग एकदम चित्र येतं, पण कोपऱ्यातलं घड्याळ मागचं! म्हणजे मी बघतो ती ज्योत आत्ताची नाहीच. आत्ता दिवा आहे की नाही, कोण सांगणार?

भागवतला फोन. "हाय की दादा. जळतोय." दुपारी परत फोन. "आत्ताच तर सांगितलं!"

संध्याकाळी चित्र एकदम काळं. लगेच फोन लावला. भागवतच्या बायकोनं, मंगलनं फोन उचलला. "निवद दाखवला भाऊजी. देवीपुढं पडदा टाकला अन् तुमच्या कॅमेऱ्यावर टॉवेल. देव जेवताना कुणी बघत असतंय का?"

हसू आलं. बरोबरच आहे तिचं.

२४ सप्टेंबर.

प्रविणशी बोललो. "काका, गावातलं ब्रॉडबँड हाय ते. खाली उतरवायला बरं, वर पाठवायला रडतंय. तुमी मागताय एवढं मोठं चित्र, ते निघंना तिथनं. एचडी बंद करा."

केलं. चित्र हललं! पण देवीचा मुखवटा पुसट, ज्योत म्हणजे नुसता ठिपका. हलता ठिपका तरी. तासाभरात तोही थांबला.

२६ सप्टेंबर.

जपाला बसलो. माळ हातात, नजर मोबाइलवर. मेरुमणी कधी आला, कळलंच नाही. आई, माफ कर.

२७ सप्टेंबर.

प्रविण घरी जाऊन आला. राऊटर पुढच्या खोलीत, देवघर आत, मधे दगडमातीची जाड भिंत – वाय-फाय पोचतच नव्हतं. बाहेरून वायर फिरवून देवघराच्या छोट्या खिडकीतून आत घेतली. म्हणाला, "खिडकी आता पुरती लागणार न्हाई. वायर दाबली की गेलं."

भागवतला बजावलं – खिडकीला हात लावायचा नाही! "बरं दादा," म्हणाला. अजून काही बोलायचं होतं वाटतं. मी फोन ठेवला.

चित्र पाण्यासारखं वाहतंय! ज्योतीचं टोकसुद्धा दिसतं. पोटभर दर्शन झालं.

२८ सप्टेंबर.

सकाळपासून चित्रात भागवतची पाठ. दिव्यापुढं बसलाय, दिवा पूर्ण झाकून. वाटलं, परत अडकलं. पण घड्याळ पळतंय.

दुपारीही तीच पाठ.

२९ सप्टेंबर.

पाठच. मंगल ताट तिथंच आणून देते. का झाकतो हा? विझला असेल. विझला, आणि मला कळू नये म्हणून –

प्रविणला विचारलं. "लाईन एकदम ओके, काका. दिसतंय ते आत्ताचं." म्हणजे आता चित्राला दोष द्यायचीही सोय नाही. गेटवर बसवेना. नुसत्या येरझाऱ्या.

३० सप्टेंबर. अष्टमी.

फोन केला. मोबाइल समोर धरूनच.

"बाजूला सरक."

"राहू द्या की दादा."

"सरक म्हणतो ना! लपवतोस काय?"

सरकला.

दिवा होता! सरळ, शांत. मग ज्योत एकदम आडवी झाली – आणि गेली. माझ्या डोळ्यांदेखत. चित्र जराही न अडकता.

भागवतनं कान धरले, हात जोडले, शेजारच्या सोबतीच्या दिव्यावरून वात परत लावली. आणि पुन्हा तसाच बसला, पाठ करून.

फोन मंगलनं घेतला. "खिडकीतनं वारं येतंय भाऊजी, वायर आल्यापासनं. मी म्हणलं चिंधी कोंबू. हे म्हणले, वायर हलली तर दादाला दर्शन व्हायचं न्हाई. तवापासनं असेच बसलेत."



१ ऑक्टोबर. खंडेनवमी.

पहाटेच भागवतला सांगितलं – वायर काढ, खिडकी लाव, झोप जरा. म्हणाला, "मग तुमी काय बघणार?"

मोबाइल काळा आहे. दिवा आहे.