बर्फाखालची वरी

४ एप्रिल १९४४
पोहोचलो बाई एकदाचे ह्यांच्या गावी! कापसाच्या मुलखातून, चिमकेंतहून आगगाडी, मग बर्फावरची घसरगाडी, आणि पोर तोरघिन सगळी वाट माझ्या मांडीवर झोपलेली. सासूबाईंनी नातीचे मुके घेऊन घेऊन तिला रडवलंच. मला म्हणाल्या, किती वाळलीस, मुलगा आल्यावर मलाच बोलेल. घर ठेंगणं, पण उबदार. खुंटीला कापडात ह्यांची रोटी टांगलेली. लढाईवर जाताना ह्यांनी एक घास तोडला, उरलेली परत येऊन खातील. ती संपली तर बाबा यायचे नाहीत, असं आजीने तोरघिनला आल्या आल्या बजावलं.

९ एप्रिल
गेल्या साली कापणीला पुरुषच नव्हते. वरी उभीच राहिली आणि जमीन गोठायच्या आत तिच्यावर कमरेएवढं बर्फ पडलं. आता ते दिवसा वितळतं, रात्री पुन्हा धरतं. त्या चिखलातून आम्ही बायका कणसं वेचतो. शेतावरचे मुकादम दोसिमबेक म्हातारबा म्हणाले, शेत सरकारी आहे, वेचायला बंदी आहे खरं, पण मला हल्ली दिसत नाही. शेजारणीने, शारबानने, माझी टर उडवली की कापूसवाली बाई फुलं खुडतेय. घरी वरी भाजली, कांडली, शेळीच्या दुधात कालवली. किती दिवसांनी पोट भरलं! तोरघिनने मात्र थुंकली. झोंबते म्हणे. लाडावलीय नुसती. तिला दूधच दिलं.

१२ एप्रिल
कार्टीचं खरं होतं. माझीही जीभ भाजल्यासारखी झालीय. सगळ्यांचंच तेच, उलट्याही. सासूबाई म्हणतात, रिकाम्या पोटाची सवय मोडतेय.

२० एप्रिल
झोंबायचं थांबलं. अंगात ताकद आलीय, शारबान तर गाणी म्हणत कांडते. नदी मात्र फुगलीय. चहूकडे पाणी, रस्ता बुडाला. आता पाणी ओसरेपर्यंत आम्ही इथेच.

२ मे
पलीकडच्या काठावरून एक घोडेस्वार ओरडून सांगून गेला. बर्फाखालचा दाणा खाऊ नका, त्याला विषारी बुरशी लागलीय, भाजून शिजवून जात नाही. आधी तोंड झोंबतं, मग माणूस बरा होतो, मग अंगावर लाल ठिपके. खाल्ला असेल तर काय करायचं, मी विचारलं. त्याने घोडा वळवला.
पोतं पाण्यात टाकू म्हटलं, तर सासूबाई आडव्या आल्या. दाणा फेकायचा नाही, पाणी ओसरलं की पायदळी जाईल, जमीन सुकली की पुरू. पोतं कोपऱ्यातच आहे.

६ मे
शारबान गेली. नाकातून रक्त, थांबेचना. म्हातारबांच्या छातीवर ठिपके. कोंडा खाऊन शेळी मेली. घरात चांगलं असं काही उरलं नाही — एक ती रोटी. मागितली. सासूबाई म्हणाल्या, "तो माझ्या मुलाचा रस्ता आहे, सूनबाई." मला त्यांचा राग आला, फार राग आला.

९ मे
सासूबाईंना गिळवत नाही. आज स्वतः उठल्या, कापड सोडलं, रोटीचे तुकडे केले. रडत होत्या. "नातीला दे. तो आला तर त्याला मी सांगेन."

१२ मे
सासूबाई गेल्या. माझ्या दंडावर ठिपके. उठवत नाही. तोरघिनला सांगितलंय, रोज एक तुकडा पाण्यात भिजवून खा. खाते म्हणते. भुकेची रडतही नाही, गुणाची माझी. मी मेले तरी चालेल, ही जगू दे. हिने खाल्ली नाहीये. हिने थुंकली होती —

१५ मे
पाणी ओसरतंय — लांब माणसांचे आवाज — होडी असावी. कुणीतरी हिला घेऊन जाईल. देवा. वाटेसाठी तुकडे बांधून दे म्हटलं. तिने कापड आणलं.
सगळे तुकडे तसेच आहेत. एकही कमी नाही —
बाबा यायचे आहेत ना, म्हणाली.
मग काय खाल्लंस, विचारलं. तिने कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट केलं.
"आता झोंबत नाही, आई."
सदरा वर कर म्हटलं — इकडे ये, उजेडात — अजून जवळ —