डायरीत न लिहिलेली ओळ

मायाताई, जयभीम.

हे पत्रही मी फाडणारच आहे, म्हणून खरं लिहून राहिलो. बेसा रोडवर प्रशिकले ट्रकनं उडवलं नाही वं. त्याचं प्रेत आम्हीच तिथं नेऊन टाकलं. तुह्या पोराले आमच्या ठाण्यात मारलं, अन् मी, त्याचा सख्खा मामा, तिथंच बसून होतो.

बुटीबोरीच्या कंपनीतून तांब्याची तार चोरीले गेली, म्हणून त्याले सकाळी अकराले आणलं. ठाण्याची डायरी माह्याकडं असते. मी नोंद केली नाही. वाटलं, कागदावर नाव आलं तर त्याचा पोलीस भरतीचा फॉर्म गेला.

आमचा ठाणेदार साहेब हसला. "बरं केलं, नोंद नाही केली."

नोंद झाली की डॉक्टरकडं न्या लागते, चोवीस तासांत कोर्टात उभं करा लागते, अंगावरचे वळ कोणीतरी पाहते. नोंदच नाही तर माणूस आलाच नाही. मग साहेबानं पट्टा काढला. तळव्यावर, पाठीवर, शेवटी बक्कल डोक्यात. प्रशिक "मामा, मामा" ओरडत होता. पेन माह्या हातात होता. नोंदीच्या त्या एका ओळीनं साहेब थांबला असता, अन् ती लिहायचा अधिकार माहाच होता.

तीन वाजता तू आली. "प्रशिकले इथं आणलं काय गा?"

आतला आवाज नुकताच बंद झाला होता. मी डायरी तुह्यासमोर फिरवली. "पाह्य, कुठं आहे त्याचं नाव?"

तू पदरानं घाम पुसला. म्हणाली, "तू आहे न इथं, मंग मले कायचं भेव?"

तुहा भाऊ,
सुधन