चिमीच्या कड्यावरील हाका बंद करण्याबाबत

दिनांक : १२ नोव्हेंबर

प्रति,
मा. पर्यटन अधिकारी,
नगर कार्यालय, बंदर रस्ता.

विषय : कड्यावरून माझ्या मुलीच्या नावाने मारल्या जाणाऱ्या हाका बंद करण्याबाबत.
संदर्भ : माहितीफलकासाठी तिचे छायाचित्र मागणारे आपले पत्र.

महोदय,

मी येथील महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. माझे घर कड्याच्या मागेच आहे. माझी मुलगी चिमी गेल्या उन्हाळ्यात कड्याखाली पोहताना बुडाली.

१. आपल्या फलकावर ‘शहराचा इतिहास’ या मथळ्याखाली, जुन्या दीपगृहानंतर, असे लिहिले आहे की चिमीने प्रेमभंगामुळे येथून उडी घेतली व आजही ती हाकेला ओ देते. चिमी नऊ वर्षांची होती.

२. ओ देतो तो समोरचा खडक. कोणाचेही नाव घेतले तरी आवाज त्यावर आपटून परत येतो. हे मी आपल्या कार्यालयात सांगितले, तेव्हा कारकून म्हणाले, “मॅडम, नुसता खडक बघायला कोण येतंय?” निदान नाव तरी बदला म्हटल्यावर म्हणाले, “आता बसलंय ना लोकांच्या तोंडात. आणि छोटं आहे, ओरडायला बरं पडतं.”

३. सूर्यास्ताला हाका सुरू होतात. माझ्या सासूबाईंना काही लक्षात राहत नाही. हाक आली की त्या दार उघडतात आणि मला रागावतात, “अगं, पोरीला कधीचे बोलावतायत, पाठव की!” मग मी त्यांना सांगते. दर वेळी त्या ते पहिल्यांदाच ऐकतात.

४. आवाज नीट घुमावा म्हणून आपले गाईड लोकांना खालच्या खडकावर उतरवतात. ओहोटीला तेथील पाणी माणसाला आत खेचते. त्यासाठीच तेथे लाल निशाण असे. नव्या किनारा-उद्यानाच्या उद्घाटनाच्या फोटोंत ते बरे दिसत नाही म्हणून चिमी बुडाली त्या दिवशी सकाळी उतरवण्यात आले. निशाण नव्हते, म्हणून चिमी पाण्यात उतरली. ते अजूनही लावलेले नाही.

तरी हाका बंद कराव्यात व निशाण लावावे, ही विनंती.

आपण मागितलेले छायाचित्र जोडले आहे. ते त्याच सकाळचे आहे. चिमी रिकाम्या खांबाला धरून हसत उभी आहे. तिच्या मागे आपण निशाणाची घडी घालताना दिसता. फलकावर ते पूर्ण छापावे, कडा कातरू नयेत.

हाकेच्या अंतरावर राहणारी,
चिमीची आई

सोबत : छायाचित्राची एक प्रत. मूळ माझ्याकडे आहे.