खाडीकाठच्या गल्लीवरचा ढग

बाबा,

तुम्ही असता तर हे सांगायची माझी हिंमत झाली नसती. मोजणी खात्यात उन्हातान्हात साखळी ओढण्यात तुमची हयात गेली, आणि मी अंधेरीच्या ऑफिसात गार हवेत बसून जमीन मोजते. उपग्रह वरून फोटो काढतो. आमच्याकडे तयार कोडचा एक संच असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. जागेची चौकट आणि तारखा दिल्या की ती फोटो मागवते, ढग ओळखून कापून टाकते आणि पडलेली भोकं आधीच्या फोटोंनी बुजवते. हे शेवटचं तुम्हाला अजिबात आवडलं नसतं.

चौथीत असताना मी शाळेसाठी आपल्या घाटकोपरच्या चाळीचा नकाशा काढला होता. मागच्या बोळात आम्हा मुलांना जायची बंदी, म्हणून तिथे मी अंदाजाने पाण्याची टाकी काढली. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही जेवता जेवता वही बघताय, आणि टाकीवर तुमचं बोट थांबतं. "ही तू बघितलीस काय गो?" मी म्हणते, सगळ्या चाळींना मागे टाकी असतेच. तुम्ही ताटावरून उठता आणि मला बोळात घेऊन जाता. तिथे टाकी नसते, एक बाई कपडे वाळत घालत असते. "हिच्या डोक्यावर टाकी बांधलीस तू," तुम्ही म्हणता. एवढ्याशा टाकीसाठी चारचौघांत बोललात, म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला होता.

यंदा मानखुर्दच्या एका वस्तीचं काम आलं. अडीच-तीन वर्षांपूर्वीच्या एका ठरावीक हिवाळ्यात तिथे कोणती घरं होती आणि कोणती नंतर झाली, एवढंच सांगायचं होतं. आधीची राहणार, नंतरची पडणार. त्या सबंध हिवाळ्यात एकाच गल्लीवर ढग दिसत होता, शेजारच्या गल्ल्या लख्ख. मला ते दिसलं होतं, बाबा. खाडीजवळ धुकं असायचंच, असं म्हणून मी पुढे गेले. भोकात आदल्या वर्षीचा मोकळा चिखल भरला गेला आणि एकेचाळीस घरं नंतरची ठरली. रिपोर्ट गेला, पण जेवण गोड लागेना. पाडकामाच्या सकाळी मी तिथे पोचले तेव्हा बुलडोझर गल्लीच्या तोंडाशी होता, आणि एक बाई भांडी बाहेर आणून रस्त्यावर रचत होती.

"मावशी, कधी आलात इथे राहायला?"

"तीन दिवाळ्या झाल्या ना. कोण ऐकतंय पण? कागदात आम्ही नाहीच म्हणे."

मी वर बघत होते. "पत्रे तेव्हाचेच?"

"तेव्हाचेच. नवे कोरे होते, उन्हात बघवायचं नाही. आता सगळे गंजले."

त्या चकाकणाऱ्या पत्र्यांनाच लायब्ररीने ढग समजून कापलं होतं. मी तिथूनच साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "आता मागे घेतलंस तर आपली वाट लागेल यार. सॉफ्टवेअरवर ढकल ना." बुलडोझरचं इंजिन सुरू झालं होतं. तिथे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला मी सांगितलं, रिपोर्ट चुकलाय. तो म्हणाला, "चूक कुणाची ते लेखी द्या, मग थांबवतो." माझी, असं मी लिहून दिलं. इंजिन बंद झालं. मावशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, भांडी परत आत न्यायला लागली.

एवढंच सांगून थांबणार होते. तुम्ही "बरं केलंस" म्हणाला असतात, आणि मला ते ऐकायचंही होतं. पण हे पत्र कुठे जाणार नाही, तेव्हा उरलेलंही लिहिते. मढच्या बाजूच्या एका वस्तीसाठी गेल्या वर्षी मी हाच कोड चालवला होता. तिथलं पाडकाम कधीच झालंय. ती फाइल मी अजून उघडलेली नाही.