दिवा विझला तिथपर्यंत

दि. ४ मार्च

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

आज दुकान नेहमीच्या वेळेला उघडलं. सकाळी दोन चष्मे तयार करून दिले, दुपारी एकाची मोडकी काडी जोडली. एक आजोबा नंबर बदललेला नाही असं घरूनच ठरवून आले होते, त्यांच्याशी हुज्जत घातली नाही. संध्याकाळी घरी येऊन ओट्याशी उभ्यानेच जेवलो. मग तुझं पत्र उघडलं.

भिंगरीला वर्गात उभं करून धडा वाचायला लावला, पोरं हसली, आणि त्या दिवसापासून ती एकाही पुस्तकाला हात लावत नाही, हे वाचून फार वाईट वाटलं. तिला डिस्लेक्सिया आहे हे शाळेला माहीत असून असं व्हावं! तिचे डोळे मी स्वतः तपासले होते. डोळ्यांत दोष काहीच नाही. येत्या सुट्टीत तिने आपणहून एक तरी पुस्तक उघडलं नाही, तर ती वाचनाचं दार कायमचं लावून घेईल, ही तुझी भीती मला समजते. चौदाव्या वर्षी लावलेली दारं सहसा उघडत नाहीत.

पहिली पुस्तकं निवडायला वहिनी हवी होती, असं तू लिहितेस. हवी होती. पुस्तकांचं खातं तिचंच. जेवणं झाली की ती टेबलाशी बसून मोठ्याने वाचायची आणि मी दुकानातले चष्मे पुसत ऐकायचो, एवढाच माझा वाचनाशी संबंध. तिचं कपाट ती गेल्यापासून मी उघडलेलं नाही. तेवढं मागू नकोस. मी बाजारातून बघून पाठवतो.

पोरीला सांग, मामा हसणाऱ्यांतला नाही. माझी काळजी करत बसू नकोस.

तुझा
दादा

---

दि. १५ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पार्सल मिळालं. दादा, कपाळ माझं! एका पुस्तकात कोंबडी आणि पानाला चार शब्द, आणि दुसरं ‘साठीनंतरचे गुडघे’? मी आधी समजले दुकानदाराने अदलाबदल केली. मग आत तुझी चिठ्ठी सापडली, की तू सगळी पुस्तकं पट्टीने मोजलीस आणि सर्वांत मोठं अक्षर असलेली दोन घेतलीस. अरे, दिसत नसेल त्याला मोठं करून दाखवावं, हा तुझ्या धंद्याचा नियम. तिला दिसतं रे सगळं. दिसलेलं जागेवर राहत नाही.

कोंबडीचं पुस्तक तिने कपाटाच्या मागे टाकलं. तिला बाळ समजलेलं तिला अजिबात खपत नाही. पण गुडघ्यांनी कमाल केली. ती दोन दिवस घरभर लंगडत, गुडघा धरून, साठीनंतर असंच व्हायचं म्हणत फिरते आहे. तिचं हसणं किती दिवसांनी ऐकलं म्हणून सांगू!

तिला वेगळं वाचन शिकवतात त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, अक्षर थोडं मोठं चालेल, ओळींत हवा हवी, प्रकरणं छोटी हवीत. पण गोष्ट तिच्या वयाचीच हवी, तिला पुढे काय झालं असं वाटायला लावणारी. कोणी वाचलेलं ऐकत पानावर बोट फिरवलं तरी ते वाचनच. आणि नाही आवडलं तर अर्ध्यात सोडायची मुभा.

आता खरं ते लिहिते. मी तिला विचारलं, तुला कुठलं हवं? ती म्हणाली, मामी मामाला वाचून दाखवायची ते, दीपगृहातल्या दोन बहिणींचं. गेल्या सुट्टीत तिने तुमच्याकडे त्याची सुरुवात ऐकली होती. दुसरं काही नको म्हणते. मी तिला समजावलं, की मामाला ते कपाट उघडवत नाही. तुझ्यावर जबरदस्ती नाही.

बसून जेवत जा. ओट्याला कोणी पळवून नेत नाही. माया तेवढी पूर्वीसारखी राहू दे.

तुझी
बेबी

---

दि. २७ मार्च

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

रविवारी दुकान बंद होतं. कपडे धुतले, खिडक्या पुसल्या, पुसलेल्या पुन्हा पुसल्या. मग कपाट उघडलं. पुस्तक पुढेच होतं. त्यात खुणेला चष्मा पुसायचं माझं पिवळं फडकं. तिला दुसरी खूण कधी सापडायचीच नाही, आणि मी दुकानात फडकी शोधत बसायचो.

बाईंच्या हिशेबाने हे पुस्तक बसत नाही. अक्षर बारीक, ओळी दाटीने. म्हणून झेरॉक्सवाल्याकडून एकेक पान मोठं करून घेतलं. पांढऱ्याऐवजी फिकट पिवळा कागद घेतला, डोळ्यांवर चकाकत नाही. तेवढं मला कळतं. पहिली चार प्रकरणं पाठवतो आहे, पुढची होतील तशी पाठवत जाईन. ही चार मी मोठ्याने वाचून, आवाज भरून तुझ्या फोनवर टाकली आहेत. मला मोठ्याने वाचायची सवय नाही. हसली तर हसू दे.

दादा

---

दि. २० एप्रिल

प्रिय मामा,

हे मी बोलते आहे आणि आई लिहिते आहे. आई मधेमधे चांगले शब्द घालते, ते माझे नाहीत.

तू चष्म्याचा नंबर सांगितल्यासारखं वाचतोस. वादळ आलं तरी तुझा आवाज तसाच. पण ते बरं आहे, कारण तू हळू जातोस आणि मला बोट धरून मागे यायला वेळ मिळतो. मामी फार पुढे पळायची. तरी मला तिचंच आवडायचं, हे तुला राग न येता सांगते.

मी आठ प्रकरणं संपवली. धाकटी बहीण होडी घेऊन एकटी समुद्रात जाते, थोरली खिडकीत उभी असते आणि दीपगृहाचा दिवा विझतो. तिथे तुझं वाचणं थांबलं. तेव्हापासून काहीच आलं नाही. ती परत येते का? आई म्हणाली, विचारू नकोस. म्हणून तिलाच लिहायला लावलं.

तुझी
भिंगरी

(दादा, मी खरंच नको म्हटलं होतं. – बेबी)

---

दि. २६ एप्रिल

चि. भिंगरीस गोड आशीर्वाद.

राग कशाचा? मलाही तिचंच आवडायचं.

धाकटी परत येते का, मला माहीत नाही. मामीने तिथपर्यंतच वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, आणि मग वाचायचं राहिलं. फडकं त्याच पानावर आहे. पुढचं प्रकरण वाचायला मी तीनदा बसलो. पहिल्या ओळीपाशी माझा आवाज बंद होतो. आमच्या दुकानात याला नंबर नाही.

तेव्हा नुसती पानं पाठवतो, आवाजाशिवाय. प्रकरण छोटंच आहे. वाचायलाच हवं असं नाही. वाटलं तर ठेवून दे. मी विचारणार नाही.

तुझा
मामा

---

दि. ८ मे

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. पानं आली त्या दिवशी तिने ती टेबलावर ठेवली आणि दोन दिवस त्यांच्याभोवती फिरत राहिली. मला म्हणाली, तू वाच. मी घेतली, तर म्हणाली, नको, आधी मामाला कळायला हवं. मग जिन्यात जाऊन बसली. ओळीखाली गुडघ्यांच्या पुस्तकाचा पुठ्ठा धरून, म्हणजे पुढची ओळ दिसायला नको. शेवटी तुझे पैसे वसूल झाले म्हणायचे. एकदा चिडून पानं भिरकावली, मग स्वतःच जाऊन गोळा करून आणली. मी स्वयंपाकघरातून हलले नाही.

काल तिने फोनमध्ये आवाज भरला. दार लावून, एकटीने. तो तुला पाठवला आहे. मला ऐकू दिला नाही. पहिला मामाचा, म्हणते. उभ्याने ऐकायचा नाही, हीसुद्धा तिचीच आज्ञा आहे.

तिचं फार कौतुक करू नकोस, तिला ते लगेच संशयास्पद वाटतं. आणि दोन ओळी मलाही टाक.

तुझी
बेबी

---

दि. ११ मे

चि. भिंगरीस गोड आशीर्वाद.

आज दुकानात गर्दी नव्हती. एका बाईंना वाचायचा पहिला चष्मा दिला. त्यांनी तो लावून दुकानातल्या सगळ्या पाट्या वाचून काढल्या, आमची बंद होण्याची वेळसुद्धा, आणि मगच गेल्या.

घरी येऊन टेबलावरचे कागद उचलले, ताट वाढून घेतलं आणि खुर्चीत बसलो. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पुस्तक समोर उघडलं.

तू पहिल्या ओळीत दोनदा अडलीस आणि मागे गेलीस. मीही तुझ्याबरोबर मागे गेलो. ‘क्षितिज’ तिसऱ्यांदा बरोबर आलं. मधे बराच वेळ नुसता तुझा श्वास होता. मला वाटलं, सोडलंस. मग तू म्हणालीस, थांब मामा, आहे मी, आणि पुढची ओळ घेतलीस. होडी पहाटे एका वल्ह्यावर परत आली, आणि थोरलीने आधी तिला मिठी मारायची सोडून ओरडा दिला, तिथे तू हसलीस. मामीही हसली असती.

कौतुक करायचं नाही असं तुझ्या आईने बजावलं आहे, म्हणून करत नाही. पुढच्या प्रकरणाची पानं उद्या टाकतो. ते मी वाचेन. त्याच्या पुढचं तू.

तुझा आवाज संपला तेव्हा समोरचं अक्षर दिसत नव्हतं. चष्मा पुसायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून पुस्तकातलं फडकं घेतलं. पुसून झाल्यावर ते तू थांबलीस त्या पानात ठेवलं. मग उठून ताट घासलं आणि पालथं घातलं.

तुझा
मामा