पंधरा इंची पन्हा

शुक्रवार पेठ, सोलापूर
२ जून २०२५

ती. मनकर्णाअक्का हिला जालिंदरचा सप्रेम जय भीम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तोंडातला फोड बरा होत नाही, मोठ्या दवाखान्यात दाखवलं, जबड्याचं ऑपरेशन ठरलं, हे तू चार ओळीत उरकलंस आणि पुढे पानभर शेजारणीच्या मांजराचं लिहिलंस. मला लई राग आलाय. मिश्री सोड म्हणून किती वर्षं मागे लागलो. कान माझे गेले, पण बहिरी तूच निघालीस.

तुझ्या सुमितने वेगळी चिठ्ठी घातली होती. अर्धा जबडा आणि जिभेचा तुकडा जाणार, नंतर बोलणं असं राहणार नाही म्हणतो. अक्का, एकतीस वर्षं यंत्रमागावर काढली. लोकांचं बोलणं मी ओठांवरून उचलतो. शेडमधल्या खडखडाटात तू कांडीवर सूत भरत बसायचीस तेव्हा ही विद्या तूच मला शिकवलीस, म्हणून तुझ्याएवढं बोलणं मला कुणाचंच कळत नाही. ऑपरेशनच्या आधी एकदा तुला पोटभर बोलताना बघायचंय. रेश्माच्या फोनवर बघितलं, तर तुझं तोंड लिंबाएवढं. ओठ कुठले दिसणार.

आमच्या प्रियाला कॉलेजला लॅपटॉप घ्यायचाच आहे. त्यावर तुझा चेहरा परातीएवढा दिसेल म्हणते. रेश्माला पिशव्यांचे फोटो टाकायला आणि बिलं करायला पाहिजे. टॉवेलच्या डागी मालातून ती पिशव्या शिवते, आता पुण्याहून मागणी येते. मला खाली अक्षरं येणारे सिनेमे बघायचेत, सगळ्यांबरोबर हसून लई वर्षं झाली. दुकानात दोन बघून ठेवलेत, एक छोटा, एक मोठा. तुझी तारीख कळव, त्याच्या आत घेतो.

रेश्माचा आणि प्रियाचा जय भीम. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
जालिंदर

---

नाशिक
९ जून २०२५

चि. जालिंदर यास अक्काचा जय भीम आणि लई आशीर्वाद.

तारीख चार जुलै मिळाली. तू आत्ता येऊ नगंस. सुमितची रजा ऑपरेशनातच संपंल, मग माज्याजवळ बसायला माणूस लागंल. तवा ये. तुजी रजा त्यासाठी राखून ठेव, उगं खाडे करू नगं.

मांजराचं लिहिलं म्हणून रागावलास. दुसरं काय लिहू? ऑपरेशन नको म्हणून मी सुमितशी चार दिवस भांडले. ह्या वयात कापाकापी कशाला, हाय तेवढं हाय. त्यानं ऐकलं न्हाय, रडला, मग मीच व्हय म्हणाले. मला लई भ्या वाटतंय जालू. हे त्याला सांगू नगं.

लॅपटॉपचं मला काय कळतंय. पण छोटा तर छोटा, लवकर घे. मी काय लग्नाला उभी हाय व्हय मोठ्या पडद्यावर दिसायला? डावा गाल सुजलाय, तरी आरशापुढं बसून शेडमधल्यासारखं तोंड हलवून बघते, अजून जमतंय. सून हसती, म्हातारी येडी झाली म्हणती.

प्रियाला म्हणावं कॉलेज बुडवू नगं. रेश्माच्या पिशव्यांतली एक निळी माज्यासाठी ठेव, दवाखान्यात कपडे न्यायला.

अक्षर वाकडं हाय ते गोड मानून घे, आन् आत्याला इसरू नका म्हणावं.

तुजी अक्का

---

सोलापूर
१७ जून २०२५

ती. अक्का, सप्रेम जय भीम.

रागावू नकोस, पण मी मोठाच मागवायला सांगितला. छोटा त्याच दिवशी, बारा तारखेला, मिळत होता, दुकानदार पिशवीत भरायला निघाला होता. मीच थांबवलं. माग घेताना आपण आधी पन्हा बघतो की. अरुंद पन्ह्याच्या मागावर डबल चादर निघत नाही, मग जन्मभर नॅपकिन विणत बसा. लॅपटॉप एकदाच घ्यायचा, तो पंधरा इंचीच. प्रियाच्या कॉलेजने दिलेल्या यादीतही तोच बसतो, छोट्यावर तिचे प्रोग्रॅम अडखळतील म्हणाली. माझी नजरही आता आधीसारखी नाही, आणि तुझं एक अक्षर मला सांडायचं नाही.

माल अठ्ठावीसला येतोय. चार तारखेच्या आत सहा दिवस मोकळे मिळतात, रोज बोलू. अति घाई संकटात नेई, हे प्रत्येक ट्रकच्या मागे लिहिलेलं असतं, उगाच नाही.

भ्यायचं नाही. ऑपरेशननंतर मी येतोच, रजेचा अर्ज दिलाय. निळी पिशवी रेश्माने वेगळी काढली आहे, चेन लावून देते म्हणाली.

तोवर तब्येत जप आणि आमच्यावर जीव असू दे.

जालिंदर

---

नाशिक
२० जुलै २०२५

ती. जालिंदरमामा यांस सुमितचा सविनय जय भीम.

आईच्या जलदान विधीला तुम्ही होतात, पण माणसांच्या गर्दीत तुमच्याशी नीट बोलता आलं नाही. फोनवर बोलणं होत नाही, म्हणून लिहितो.

तेवीस जूनला दवाखान्यातून फोन आला की एक ऑपरेशन रद्द झालंय, उद्याच करून घ्या, नाहीतर पुढची तारीख लांबेल. डॉक्टर म्हणाले गाठ वाढतेय. मी हो म्हणालो. तुमचं मोठ्या लॅपटॉपचं पत्र आई वॉर्डात गेल्यावर घरी आलं. तिला ते वाचायला मिळालं नाही. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी ती गेली, हे तुम्हाला माहीतच आहे.

आत नेण्याआधी तिने मला फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करायला लावला आणि बाहेर जायला सांगितलं. जालूसाठी आहे म्हणाली. साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ आहे. मला इतके दिवस बघायचा धीर झाला नाही. परवा बघितला, तर आवाजच नाही. ट्रॉलीची चाकं वाजतात, बाजूची बाई खोकते, आईचं तोंड सारखं हलतं आणि आवाज नाही. ती तुमच्यासाठी शेडमधल्यासारखं बोलत होती, हे मला नंतर उमगलं.

मामीच्या फोनवर पाठवला आहे. एका ठिकाणी ती माझं नाव घेते असं वाटतं. मामा, तिला ऑपरेशन नको होतं, मीच हट्ट धरला. ती माझ्यावर रागावून गेली का, एवढं मला कळवा. जे असेल ते कळवा.

भाच्यावर हात असू द्या.

आपला,
सुमित

---

सोलापूर
२ ऑगस्ट २०२५

चि. सुमित यास मामाचा जय भीम व आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. व्हिडिओ प्रियाने लॅपटॉपवर लावून दिला. पडदा मोठा आहे, चांगला दिसतो. आठ दिवस कामावरून आलो की तेवढंच बघतोय. प्रियाचा अभ्यास खोळंबतो, पण पोरगी उठून स्वयंपाकघरात जाते.

कळलं ते लिहितो. आधी मला जेवलास का विचारते. मग म्हणते, लॅपटॉप अजून आला नसंल, मला ठाऊकच हुतं, तू लहानपणापासून असाच. मग हसते, आणि हसताना गाल दुखतो. प्रियाला कॉलेज सोडू देऊ नको म्हणते. आपल्या आईची आठवण काढते. माझ्या कानांसाठी तिला वाईट वाटतं, तिनेच मला शेडमध्ये लावलं होतं ना.

पुढे पदराने तोंड पुसते आणि तुझं नाव घेते. सुमित हे लख्ख दिसतं, दोनदा घेते. त्यापुढचं एक वाक्य आहे, सात-आठ शब्दांचं. डावीकडचा ओठ सुजेनं हलत नाही आणि पदर अर्धा तोंडावरच राहिलाय. शंभरदा बघितलं. हळू चालवून बघितलं, थांबवून बघितलं. रागाचं आहे की मायेचं, मला कळत नाही रे.

रेश्मा म्हणते, रागावली नव्हती असं लिहा, पोराचा जीव हलका होईल, तुम्हाला कोण खोटं पाडणार आहे. खरंय, कुणीच पाडणार नाही. पण ते तिचं शेवटचं बोलणं आहे. त्यात मी माझ्या पदरचं कसं घालू? तुझ्या आईला तुझ्यावर रागावता येत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्या वाक्यात ती काय म्हणाली, ते मला सांगता येत नाही.

शेडमध्ये एखाद्याचं बोलणं कळलं नाही की आम्ही हात वर करायचो, मग तो परत म्हणायचा. समोर बोलताना आईने तुझ्याबद्दल काही सांगितलं असतं आणि मला कळलं नसतं, तर मी हात वर केला असता, तिने पदर काढून परत म्हटलं असतं. छोटा लॅपटॉप दुकानात तयार होता. बारा जूनला घरी आला असता. तिचं तोंड अकरा दिवस आमच्यासमोर असतं, रोज.

ते दिवस मी पन्हा बघण्यात घालवले. मामावर लोभ ठेव, हे कुठल्या तोंडानं लिहू? जमलं तर ठेव.

तुझा,
जालिंदरमामा